वेल वाढला, शेंग दिसेना

बदलीच्या नोकरीतले मराठी कुटुंब नव्या गावी निघते, तेव्हा भांडीकुंडी, देव आणि पुस्तके यांच्या सोबतीने एखाद्या डब्याच्या तळाशी बियांची पुडीही निघते. पुडीवर काही लिहिलेले नसते. तशी गरज कोणाला वाटलेली नसते. सातारच्या परसात विहिरीलगतच्या मांडवावर जो घेवडा वर्षानुवर्षे चढत आला, त्याचेच हे दाणे, एवढी ओळख घरातल्या बाईला पुरेशी असते. दिल्लीला किंवा इंदूरला घर मिळते, मागे चार हात जागा निघते, आणि होळी झाली की पहिले काम म्हणून कुंपणाशी ते दाणे टोचले जातात.

वेल येतो, आणि असा येतो की जाणारायेणाराने थांबून पाहावे. उन्हाळाभर दोन वेळा पाणी, पावसाच्या तोंडावर शेणखताची टोपली, पुढे कोणीतरी सांगितले म्हणून मूठभर युरिया, अशी त्याची सरबराई चालू असते. भाद्रपद उजाडेपर्यंत कुंपण, न्हाणीघराची भिंत आणि छपराचा कोपरा हिरवागार होऊन जातो. फूल मात्र औषधालासुद्धा दिसत नाही. मग दसऱ्याच्या आवराआवरीत कोणी निकाल देतो, की इथली माती याला मानवत नाही. आणि वेल उपटून टाकला जातो. पुडीतले दाणे तर केव्हाच संपलेले असतात. सातारच्या घरी पुन्हा मागावे, तर तिथे आता मांडवही नसतो आणि तो घालणारी माणसेही नसतात. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेला एक वाण अशा रीतीने एका दसऱ्याला संपतो.

यात मातीचा दोष बहुधा नसतो. आणखी तीनचार आठवडे कळ काढली असती, तर त्या वेलावर तुरे आले असते. जे चुकले ते दोन ठिकाणी चुकले. एक, वेल कशाची वाट पाहत होता हे कोणाला ठाऊक नव्हते. आणि दुसरे, ज्याला थोडके हवे होते त्याला फार मिळाले. घेवड्याच्या कुळातील वेलांचे बहुतेक अपयश या दोन गोष्टींत सामावलेले आहे.

परंतु त्याआधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठीत घेवडा हे एका वनस्पतीचे नाव नाही. पावटा, वाल, वालपापडी आणि रुंद चपट्या शेंगांचा जुना घेवडा हे सारे एका जातीचे भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात तिला लॅबलॅब म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांतला निष्पाव तो हाच. हीच शेंग गुजरातेत वालोळ वा पापडी, हिंदी प्रदेशात सेम, बंगालात शिम, कर्नाटकात अवरे आणि तेलुगू मुलखात चिक्कुडु या नावांनी ओळखली जाते. श्रावणघेवडा म्हणजे फरसबी मात्र परक्या कुळातली. ती अमेरिका खंडातली. मेक्सिको आणि अँडीज पर्वताच्या प्रदेशात माणसाळलेली आणि 1492 नंतर जुन्या जगात आलेली. राजमा हा तिचाच पक्व दाणा, आणि सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे पिकणारा, अंगावर तांबडे पट्टे मिरवणारा वाघ्या घेवडाही तिच्याच घरातला. म्हणजे साताऱ्याचा घेवडा एवढेच म्हटले, तर तो कोणत्या घराण्याचा हे कळत नाही.

दाण्यावरून ओळख पटते. पावट्याच्या आणि वालाच्या दाण्याला एका कडेने पांढरी, उठावदार, लांबट रेघ असते. श्रावणघेवड्याच्या दाण्याला पोटाशी लहानसा ठिपका असतो, रेघ नसते. फुलावरूनही ओळखता येते. पावट्याचा तुरा पानांच्या वर मान काढून उभा राहतो. श्रावणघेवड्याची फुले पानांच्या बेचक्यांत दडलेली असतात. ही ओळख नुसत्या जिज्ञासेची नव्हे. दोघांचे स्वभाव निराळे, पेरणीचे दिवस निराळे, आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की फसगत ठरलेली.

आता पावटा कशाची वाट पाहतो ते पाहू. त्याचे उत्तर पंचांगात आहे. महाराष्ट्रात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते, तिच्यात पावट्याचे दाणे किंवा घेवड्याच्या शेंगा असतात. त्याच सुमारास सुरतेत उत्तरायणाचा उंधियू शिजतो, आणि त्याला पापडीवाचून शोभा नाही. बंगळूरच्या बाजारात मार्गशीर्ष-पौषात अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात. तमिळनाडूत पोंगलच्या दिवसांत मोच्चै, म्हणजे हाच दाणा, पानात पडतो. रायगड जिल्ह्यात थंडीच्या रात्री मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, ते उपडे घालून भोवती जाळ करतात आणि पोपटी लावतात. भाषा चार, स्वयंपाक पाच तऱ्हांचे, आणि सण वा हंगाम एकच. हा योगायोग नव्हे. या वेलाचे जुने वाण दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलतच नाहीत.

वनस्पतीला दिवसाची लांबी कळते, ही गोष्ट शास्त्राच्या पदरी तशी उशिराच पडली. अमेरिकेच्या शेतीखात्यातील गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखूच्या एका वाणावर आणि सोयाबीनवर प्रयोग केले आणि 1920 साली ते प्रसिद्ध केले. सोयाबीनचे बी त्यांनी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पेरले होते. पेरणीत महिन्यांचे अंतर असूनही सारी झाडे फुलली ती जवळजवळ एकाच वेळी, सप्टेंबरच्या आसपास. थोरली झाडे खोळंबून राहिली होती आणि धाकटी त्यांना येऊन मिळाली. उष्णता, ओलावा, खत अशी सारी कारणे तपासून झाल्यावर दिवसाचे तास तेवढे उरले. पावट्याचे जुने वाण अगदी असेच वागतात. मुंबईत जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरअखेर अकरा तासांचा. दिल्लीत उन्हाळ्याचा दिवस चौदा तासांवर जातो. होळीला टोचलेला दाणा वाढत्या दिवसांत सापडतो. मग त्याने पाने काढीत बसावे, दुसरे काय करावे?

म्हणून परसात जुन्या वाणाचा पावटा किंवा घेवडा लावायचा, तर मृगाचा पाऊस झाल्यावर, आषाढापर्यंत लावावा. आश्विनाअखेर तुरे दिसू लागतात आणि पौषापर्यंत शेंगा येत राहतात. ज्यांच्यापाशी मांडवाइतकी जागा नाही, नुसती गच्ची आहे, त्यांनी तर आणखी थांबावे. श्रावण सरताना कुंडीत लावलेला वेल लहान दिवसांकडेच चाललेला असतो, तो कमरेएवढा होतो न होतो तोच फुलतो. कोकणात भात कापून झाल्यावर जमिनीच्या उरल्या ओलीवर कडवा वाल टाकतात, तो ठेंगणा राहून दोनेक महिन्यांत फुलावर येतो, त्यामागचे एक कारण हेच. शहरातील बागेसाठी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्या वनस्पतींना लांब रात्र लागते, त्यांना ती अखंड काळोखाची लागते. रात्रभर रस्त्यावरच्या प्रखर दिव्याचा झोत ज्या वेलावर पडतो, त्याचे फुलणे लांबू शकते. असा वेल गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा.

शास्त्रज्ञांनी या अटीतून सुटलेले वाणही तयार केले आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे पावट्याचे बुटके वाण दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करीत नाहीत, आणि मांडवही मागत नाहीत. बारमाही भाजी हवी असणाऱ्याने ते जरूर लावावेत. मात्र पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचून लावावेत, आणि आजीच्या पुडीतला दाणाही तसाच वागेल अशी आशा धरू नये.

श्रावणघेवड्याचे नखरे दिवसाच्या लांबीपेक्षा उष्म्याचे. त्याचे नेहमीचे वाण दिवसांचे तास मोजत नाहीत. पन्नास-साठ दिवसांत शेंग देऊन मोकळे होतात. परंतु पारा पस्तीस अंशांकडे गेला की त्यांची फुले गळतात, आणि हिमकण पडले की झाड मरते. पुण्या-नाशकाकडे तो पावसाच्या आरंभी, आणि पुन्हा पाऊस ओसरल्यावर लावता येतो. नागपूरकरांनी ऑक्टोबरची वाट पाहावी. दिल्लीकरांना थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, एवढीच फट सापडते, आणि दुसरी पावसाळ्याच्या शेवटी. बंगळूरकर भाग्यवान, त्यांना जवळजवळ वर्षभर मोकळीक आहे.

दुसरी चूक खताची. तिचे मूळ प्रेमात असल्यामुळे ती सुटता सुटत नाही.

द्विदल पिकामागून घेतलेले पीक चांगले येते, हे शेतकऱ्याला हजारो वर्षे ठाऊक होते. का येते, याचा उलगडा जर्मनीत हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी केला. हेल्रीगेल यांनी 1886 साली बर्लिनच्या शास्त्रज्ञमेळाव्यात तो जाहीर केला. प्रयोग इतका साधा, की शाळेतल्या मुलाने करून पाहावा. कुंड्यांत धुतलेली वाळू भरली, तिच्यात नत्र सोडून बाकीची सारी पोषके घातली, आणि काहींत ओट, काहींत वाटाणा लावला. ओट उपासमारीने खुरटले. वाटाण्याच्या काही कुंड्या मात्र तरारल्या आणि काही मेल्या, हे कोडेच पडले. पुढे बागेतल्या मातीचे थोडे पाणी घालताच सगळे वाटाणे तरारले. तेच पाणी उकळून घातले, तर काही होईना. अर्थ उघड होता. मातीत काहीतरी जिवंत होते, आणि ते वाटाण्याच्या मुळांवरील गाठींत बसून हवेतला नत्र झाडाला मिळवून देत होते. 1888 साली हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठींतील तो जिवाणू वेगळा काढून दाखवला. आज त्याच्या वर्गाला रायझोबियम म्हणतात.

हा व्यवहार फुकटचा नाही. झाड त्या जिवाणूंना आपल्या पानांनी केलेली साखर पुरवते आणि बदल्यात नत्र घेते. आता अशा झाडाच्या मुळाशी युरियाची मूठ टाकली तर काय व्हावे? आयते मिळते म्हटल्यावर झाड गाठी करण्याचे टाळते, आणि मिळालेला नत्र पानांत ओतते. पाने नत्राने होतात, हे खरेच. पण बागवानाला पाने नको आहेत. काळ्याभोर, हाताएवढ्या पानांचा, लुसलुशीत शेंड्यांचा आणि फुलावाचून राहिलेला वेल पाहिला, की तो निरोगी आहे असे समजू नये. तो लाडावलेला आहे. शिवाय असल्या कोवळ्या शेंड्यांवर मावा सर्वांआधी येतो.

म्हणून खत द्यायचे ते पेरणीपूर्वी, एकदाच आणि माफक. हातभर लांब, तितकाच रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात घमेलेभर पूर्ण कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. ताजे शेण घालू नये. स्फुरद मात्र या झाडाला मुळांसाठी आणि गाठींसाठी लागतो. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत हाडांचा चुरा उपयोगी पडतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याचा गुण येत नाही, तिथे मूठभर सुपरफॉस्फेट शेणखतात कालवून घालावे. चुलीतली लाकडाची राख मिळत असेल, तर आंबट मातीत तीही थोडी घालावी. यापलीकडे वेलाला खाऊ घालण्याची गरज नाही.

खताहून मोलाची गोष्ट म्हणजे तो जिवाणू मातीत असणे. आपल्याकडच्या बहुतेक शेतमातीत पावट्याला आणि चवळीला चालणारे जिवाणू असतात. परंतु इमारतीच्या गच्चीवर विकतच्या मातीने भरलेल्या कुंडीत ते असतीलच असे नाही. कृषी विद्यापीठांत रायझोबियमच्या पाकिटांची विक्री होते. गूळ पाण्यात उकळून, पुरता निववून, त्या चिकट पाण्यात चमचाभर संवर्धक कालवावे, बी त्यात घोळावे, सावलीत सुकवावे आणि लगोलग पेरावे. पाकीट उन्हात राहिले की निकामी होते. घेताना त्यावरची मुदत पाहावी. पावट्याचे आणि श्रावणघेवड्याचे जिवाणू निरनिराळे असतात, तेव्हा कोणत्या पिकाचे पाकीट हवे ते स्पष्ट सांगावे. पाकीट न मिळाले तर हेल्रीगेल यांची युक्ती आहेच. ज्या जागी मागल्या वर्षी हेच पीक नीट आले होते, रोग नव्हता, तिथली ओंजळभर माती आणून आळ्यात मिसळावी.

काम झाले की नाही हे पाहण्याची सोय निसर्गाने ठेवली आहे. दाटीतले एखादे रोप पाचसहा आठवड्यांनी मातीसकट अलगद उचलावे, मुळे पाण्यात हलवावीत आणि एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी किंवा तांबूस रंग दिसला, तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याशी नाते सांगणाऱ्या पदार्थाचा असतो. आत पांढरे वा हिरवट दिसले, तर गाठ निकामी. आणि जी गाठ मुळावरून सहज निखळत नाही, मूळच ठिकठिकाणी सुजल्यासारखे दिसते, ती गाठ या जातीची नव्हेच. तो सूत्रकृमींचा उपद्रव. त्या जागी पुढली दोनतीन वर्षे हे पीक घेऊ नये.

पेरणीविषयी थोडके सांगण्याजोगे आहे. बी रात्रभर भिजवण्याची चाल सर्रास दिसते, आणि ती श्रावणघेवड्याला बाधते. दाणा एकाएकी फुगून साल तडकते आणि डाळिंबी दुभंगते. ओलसर मातीत कोरडे बी दोन बोटे खोल टोचणे, हे उत्तम. एका जागी तीन दाणे टोचावेत. पावट्याच्या वेलांत दोनअडीच हात अंतर हवे. बुटक्या श्रावणघेवड्याला वीतभर पुरते. या झाडांची डाळिंब्यांची जोडी मान वाकवून मातीतून वर येते. वरची माती पावसाने थापून खपलीसारखी वाळली असेल, तर ती मान मोडते आणि नुसता बोडका देठ बाहेर पडतो. उगवणीच्या दिवसांत ती खपली हलक्या बोटांनी फोडून द्यावी. रोपे चार पानांची झाली की एक जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटू नयेत, कारण मुळे एकमेकांत गुंतलेली असतात.

वेलाला आधार कसा द्यावा, हे सांगण्यास चार्ल्स डार्विन यांच्याइतका वडीलधारा माणूस दुसरा मिळणार नाही. प्रकृतीमुळे खोलीतच राहावे लागले असताना त्यांनी तिथे वेल ठेवून घेतले आणि त्यांचे शेंडे कसे फिरतात ते घड्याळ लावून पाहिले. वेलींच्या हालचालींवरचा त्यांचा प्रबंध 1865 साली प्रसिद्ध झाला. घेवड्याचा शेंडा उबदार हवेत सुमारे दोन तासांत एक फेरी पुरी करतो. आंधळ्याने काठी फिरवावी तसा तो आधार चाचपतो. फेरी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. पुष्कळदा हौसेने कोणी खाली लोंबणारा शेंडा काठीभोवती गुंडाळतो, आणि दुसऱ्या दिवशी तो सुटलेला आढळतो. बहुधा तो सुलट्या दिशेने गुंडाळलेला असतो. घेवड्याला काकडीसारखे ताणे नसतात. म्हणून त्याला गुळगुळीत नळ, रुंद खांब किंवा भिंत उपयोगाची नाही. अंगठ्याएवढी खरखरीत काठी किंवा काथ्याची उभी दोरी हवी. मांडवापर्यंत दोरीने चढू द्यावा आणि वर पोचला की शेंडा खुडावा. बाजूचे फुटवे निघतात, आणि तुरे त्यांच्यावर अधिक येतात.

पाणी सकाळी, मुळाशी द्यावे आणि पानांवर उडवू नये. रोज शिंपडण्यापेक्षा दोनतीन दिवसांआड मनसोक्त देणे बरे. काळ्या मातीत याहून उशिरा. आळे सदा चिखलात राहिले तर गाठींना हवा मिळत नाही आणि मुळे कुजतात. फुलोऱ्याच्या वेळी मात्र माती पार सुकू देऊ नये, नाहीतर फुले गळतात. मुळाशी पालापाचोळा पसरला की दोन्ही टोके सांभाळली जातात.

किडींपैकी पावट्याच्या तुऱ्यांवरचा काळा मावा हा नेहमीचा पाहुणा. मावा दिसण्यापूर्वी वेलावर मुंग्यांची रांग दिसते. त्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात. मुंग्यांची वाट अडवावी, मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा, आणि तांबड्या अंगावर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर औषधाला हातही लावू नये. ते आणि त्यांच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. एवढ्यावर भागले नाही, तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, गाळून थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, फवारावे. शेंगेला भोक पाडणारी अळी हाताने वेचावी. पानांवर पिवळी नक्षी उमटली, तर तो विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते, आणि ते रोप उपटण्यावाचून इलाज नाही. पाने ओली असताना वेलात हात घालू नये, एवढे पथ्य पाळले तरी करप्याचा आणि जिवाणूंच्या रोगांचा प्रसार पुष्कळ आवरतो.

शेंगा लागल्या की त्या तोडल्या पाहिजेत. वाचायला हे सोपे वाटते. परंतु पहिल्या शेंगा पाहुण्यांना दाखवण्यासाठी वेलावर राखणारी घरे थोडी नाहीत. झाडाचे सारे जीवित बी पिकवण्यासाठी असते. दाणे भरून पिकू लागले, की नवी फुले काढण्याचे त्याला कारण उरत नाही. दर दोनतीन दिवसांनी कोवळ्या शेंगा काढीत राहिले, तर वेल पुन्हा पुन्हा फुलतो.

इथे एक पेच पडतो. भाजीसाठी तोडावे तर बी राहत नाही, आणि बियांसाठी ठेवावे तर भाजी थांबते. बहुतेक घरांत याचा निकाल असा लागतो, की वर्षभर चांगल्या शेंगा खाऊन संपतात आणि हंगामाअखेरीस उंच फांदीवर राहून गेलेल्या, किडक्या, वाकड्या शेंगांचे बी धरले जाते. म्हणजे दर वर्षी सर्वांत वाईट शेंगा पुढल्या पिढीला दिल्या जातात. त्यापेक्षा आरंभीच एक वेल बियांसाठी म्हणून राखावा, त्याला दोरा बांधावा आणि त्याची एकही शेंग खाऊ नये.

तो वेल कसा निवडावा? डेन्मार्कच्या योहानसेन यांनी याच प्रश्नावर 1903 साली मोठा प्रकाश टाकला, आणि त्यांनी प्रयोगासाठी घेतला होता श्रावणघेवडाच. हे फूल आपल्याच परागाने फळते, त्यामुळे एका दाण्याची संतती म्हणजे एक शुद्ध वंश. अशा एकोणीस वंशांत त्यांनी पाहिले, की एकाच वंशातले थोर दाणे पेरले काय आणि लहान पेरले काय, पुढल्या पिढीचे सरासरी वजन तेच राहते. दोन वंशांमध्ये मात्र खरा फरक असतो. परसातल्या माणसाने यातून घ्यावयाचे ते हे, की परातीत दाणे ओतून टपोरे तेवढे निवडण्यापेक्षा मांडवाखाली उभे राहून वेल निवडावा. जो लवकर फुलला, ज्यावर मावा कमी आला, ज्याच्या शेंगा चवीला उतरल्या, त्या वेलाचे बी धरावे. पावट्याच्या फुलांवर भुंगे येतात आणि थोडा संकर होतो, म्हणून दोन निरनिराळे वाण शेजारी लावू नयेत.

असे बी राखण्याचे काम किती थोर होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परसबागेतून आणि आसपासच्या गावांतून देशी वाणांचे बी जमवले, वाढवले आणि वाटले. त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे कितीतरी वाण आहेत. 2020 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. शाळेचे शिक्षण त्यांना लाभलेले नाही. कोणता वाण कोणत्या मातीत, कोणत्या नक्षत्रावर लावायचा, हे ज्ञान त्यांनी डोळ्यांनी आणि हातांनी मिळवले.

बियांच्या शेंगा वेलावरच पिवळ्या पडून खुळखुळेपर्यंत राहू द्याव्यात. काढल्यावर आधी सावलीत आणि मग कोवळ्या उन्हात वाळवाव्यात. दाण्यावर दात दाबला तर खूण उमटता कामा नये. साठवणीतला भुंगेरा पुष्कळदा शेतातूनच दाण्यावर अंडी घालून येतो, त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी तो आतून निघतो. जुन्या घरांत दाण्यांना एरंडेलाचा हात फिरवीत किंवा मडक्यात राखेचे थर देत, आणि दोन्ही उपाय खरोखरीच गुणाचे आहेत. आज ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्यांनी कडकडीत वाळलेले बी काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून त्यात ठेवावे. पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. आठ रुजले तर बी उत्तम, पाचच रुजले तर दाट पेरावे.

बाटलीवर चिठ्ठी लावावी. तिच्यावर वाणाचे घरातले नाव, मूळ गाव, कोणत्या महिन्यात पेरला आणि केव्हा फुलला, एवढे असावे. आणि सारे दाणे एका वर्षी पेरू नयेत. दिल्लीच्या पहिल्या वर्षी अर्धेच टोचावेत, तेही पावसाळ्यात. मूठभर बाटलीत राहू द्यावेत, आणि पाचदहा दाणे दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा शेजारणीकडे चिठ्ठीसकट धाडून द्यावेत.